मासिके तोट्यात आणि शिक्षणविभाग नफ्यात असेल, तर मासिके बंद करावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे एका माध्यम कंपनीचे समभाग बरीच वर्षे आहेत. कंपनी आपल्या वार्षिक अहवालात मासिक प्रकाशन आणि शैक्षणिक सेवा असे दोन विभाग दाखवते. गेल्या पाच वर्षांत पहिल्या विभागाचा नफा आटत जाऊन तोट्यावर आला आणि दुसऱ्याचा वाढत गेला. आता काही भागधारकांनी मागणी केली आहे की मासिके विकावीत किंवा बंद करावीत आणि कंपनीने फक्त शिक्षणाचा व्यवसाय करावा. येत्या वार्षिक सभेत या ठरावावर मत कोणत्या बाजूने द्यावे, आणि ही गोष्ट वाटते तितकी सरळ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सुमारे २२ वर्षे प्रकाशनव्यवसायाच्या हिशेब विभागात काम केले. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षे वर्गणी, वितरण आणि परत येणाऱ्या अंकांचे हिशेब पाहण्यात गेली, आणि उरलेला काळ अशाच दोन अंगांच्या एका कंपनीत शिक्षणविभागाचे अंदाजपत्रक मांडण्यात गेला. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर मी बसलो आहे आणि दोन्हीकडून एकमेकांविषयी काय बोलले जाते तेही ऐकले आहे. आपल्या कंपनीचे कागद माझ्यासमोर नाहीत. म्हणून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मात्र हे उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते नेमके सांगता येईल.

मत कोणत्या बाजूने द्यावे हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुसरा आहे. अहवालात शेजारी शेजारी छापलेले हे दोन आकडे एकमेकांपासून खरोखर वेगळे आहेत का, हा पहिला प्रश्न. एका विभागाचा तोटा खोडला की दुसऱ्याचा नफा तसाच शिल्लक राहील, असे ठराव मांडणारे गृहीत धरतात. हे गृहीतक काही कंपन्यांत बरोबर निघते आणि काहींत पूर्ण चुकते.

विभागवार नफा हा आकडा कसा तयार होतो ते आधी पाहू. आंतरराष्ट्रीय लेखामानकांपैकी आयएफआरएस ८ हे मानक विभागवार माहितीसाठी आहे. या मानकाचा पाया असा की कंपनीचे सर्वोच्च निर्णयकर्ते स्वतः ज्या पद्धतीने विभागांचे आकडे पाहतात, त्याच पद्धतीने ते बाहेर दाखवावेत आणि त्यांची बेरीज एकूण हिशेबाशी जुळवून द्यावी. याचा अर्थ, कोणता सामाईक खर्च कोणत्या विभागावर टाकायचा याचा निर्णय बऱ्याच अंशी व्यवस्थापनाचा असतो. इमारतीचे भाडे, संगणक यंत्रणा, विक्रीचे कर्मचारी, मुख्यालयाचा पगार, ही सगळी रक्कम पानांच्या संख्येनुसार वाटली तर एक चित्र दिसते, उत्पन्नाच्या प्रमाणात वाटली तर दुसरे, आणि ‘वाटप न केलेला खर्च’ म्हणून बाजूला ठेवली तर तिसरेच. यात लबाडी असतेच असे नाही. वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत कोणी बदलत नाही, एवढेच अनेकदा त्यामागे असते.

यातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे मासिकात छापली जाणारी आपल्याच शिक्षणविभागाची जाहिरात. एक कल्पित उदाहरण घेऊ. मासिकाच्या प्रत्येक अंकात शिक्षणविभागाची चार पाने असतात, म्हणजे वर्षाला ४८ पाने. दरपत्रकावरचा दर पानाला ५०,००० आहे, परंतु एजन्सीची सवलत वगैरे जाऊन बाहेरच्या जाहिरातदाराकडून प्रत्यक्षात ३०,००० हाती पडतात. त्या वर्षी मासिकाचा तोटा १२ लाख दाखवला आहे आणि शिक्षणविभागाकडून या पानांसाठी एक छदामही घेतलेला नाही. हीच पाने प्रत्यक्षात मिळणाऱ्या दराने आकारली असती, तर मासिकाच्या खात्यावर १४ लाख ४० हजार जमा झाले असते, तोट्याऐवजी किरकोळ नफा दिसला असता आणि तेवढाच शिक्षणविभागाचा नफा कमी झाला असता. कंपनीच्या एकूण नफ्यात एका पैशाचाही फरक पडला नसता, पण वार्षिक सभेतील चर्चा मात्र उलट्या दिशेने झाली असती.

इथे मासिकाच्या बाजूने बोलणारे लोक लगेच उत्साहात येतात, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ती ४८ पाने बाहेरच्या कोणी घेतलीच नसती तर त्यांची किंमत ३०,००० धरणे चुकीचे आहे. मग त्यांचा खर्च केवळ जादा कागदाचा आणि छपाईचा. माझ्या मते योग्य किंमत ठरवण्याची कसोटी एकच आहे: ही पाने नसती तर तितकेच विद्यार्थी आणण्यासाठी शिक्षणविभागाला अन्यत्र किती खर्च करावा लागला असता? हा आकडा काढणे कष्टाचे असते आणि बहुतेक कंपन्यांत तो कोणी काढलेला नसतो.

मी जेव्हा तो काढायला बसलो, तेव्हा पहिली अडचण प्रवेशअर्जातच निघाली. अर्जात ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असा रकाना होता आणि त्याखाली सहा चौकोन होते. पहिला चौकोन ‘संकेतस्थळ’ असा होता. तीन महिन्यांचे अर्ज चाळले तर जवळजवळ सगळ्या खुणा त्याच चौकोनात. यावरून शिक्षणविभागाच्या प्रमुखांनी निष्कर्ष काढला होता की मासिकातून विद्यार्थी येतच नाहीत. मी प्रवेशकक्षात जाऊन दोन दिवस बसलो. समुपदेशक समोरच्या पालकांना सगळे प्रश्न विचारत असत, फक्त हा एक प्रश्न न विचारताच खूण करत आणि पुढे जात. का, असे विचारल्यावर त्यांच्यापैकी एकाने प्रांजळपणे सांगितले, “साहेब, पहिला चौकोन हाताला जवळ पडतो.” शिवाय अर्ज संकेतस्थळावरूनच भरायचा असल्यामुळे प्रत्येक जण तांत्रिकदृष्ट्या संकेतस्थळावरून आलेला होताच.

मग आम्ही वेगळी पद्धत वापरली. मासिकासोबत जाणारे माहितीपत्रक काही वितरणक्षेत्रांतील अंकांतून तीन महिने काढून टाकले आणि इतर क्षेत्रांत ते चालू ठेवले. पुढच्या प्रवेशसत्रात दोन्ही क्षेत्रांतील चौकशा आणि प्रवेश यांची मागील वर्षाशी तुलना केली. शालेय वयाच्या मुलांसाठी असलेल्या परीक्षातयारीच्या वर्गांत फरक इतका स्पष्ट होता की त्यावर वाद उरला नाही. नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच्या कौशल्य अभ्यासक्रमांत मात्र फरक जवळजवळ नव्हताच. एकाच कंपनीच्या एकाच शिक्षणविभागातील दोन शाखांसाठी दोन उलट उत्तरे आली. मासिक पालक वाचत होते. नोकरदार प्रौढ ते वाचत नव्हते, इतका साधा त्याचा अर्थ होता. तरीही तो अर्थ विभागवार नफ्याच्या तक्त्यातून कोणालाही दिसला नसता.

म्हणून पहिली परिस्थितीसापेक्ष गोष्ट ही की मासिकाचा वाचक आणि शिक्षणाचा ग्राहक एकाच घरातला आहे का. जगात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील स्कोलॅस्टिक या कंपनीची सुरुवात १९२० मध्ये शाळांसाठीच्या एका नियतकालिकाने झाली. वर्गावर्गांत जाणाऱ्या त्या अंकांनी शिक्षकांशी जो संबंध जोडला, त्याच वाटेने पुढे शाळांमधील पुस्तक-क्लबांचा व्यवसाय वाढला. जपानमधील बेनेसे ही कंपनी १९५५ मध्ये ओकायामा येथे फुकुताके शोतेन या नावाने सुरू झाली. तिने १९६९ मध्ये पत्राद्वारे शिक्षणाचे अभ्यासक्रम सुरू केले आणि १९९३ मध्ये गर्भवती स्त्रिया व तान्ह्या बाळांच्या माता यांच्यासाठी दोन मासिके काढली. आज जी आई बाळाच्या संगोपनाचे मासिक घेते तिचे मूल काही वर्षांनी अभ्यासक्रमाच्या वयाचे होणार, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. अशा कंपनीत मासिकाचा नफा त्या वर्षाच्या तक्त्यात शोधणे म्हणजे पेरणीच्या महिन्यात पिकाचे वजन करण्यासारखे आहे.

उलट बाजूचे उदाहरण वॉशिंग्टन पोस्ट कंपनीचे. या कंपनीने १९६१ मध्ये न्यूजवीक हे वृत्तसाप्ताहिक घेतले आणि १९८४ मध्ये कॅप्लन ही परीक्षातयारी करून घेणारी संस्था घेतली, जी स्टॅनली कॅप्लन यांनी १९३८ मध्ये ब्रुकलिनमध्ये खासगी शिकवणी म्हणून सुरू केली होती. पुढे कॅप्लन इतकी वाढली की कंपनीच्या निम्म्याहून अधिक उत्पन्न शिक्षणातून येऊ लागले. वृत्तसाप्ताहिकाचा वाचक आणि प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी यांच्यात मात्र मालक सोडला तर काहीच सामाईक नव्हते. २०१० मध्ये न्यूजवीक उद्योजक सिडनी हार्मन यांना १ डॉलरला विकले गेले, म्हणजे खरेदीदाराने किंमत म्हणून १ डॉलर दिला आणि साप्ताहिकाची देणी आपल्या डोक्यावर घेतली. त्या विक्रीने कॅप्लनच्या प्रवेशांवर परिणाम होण्याचे काही कारण नव्हते. आपली कंपनी या प्रकारात मोडत असेल तर विभाजनाला माझा तात्त्विक विरोध नाही.

मात्र त्या १ डॉलरच्या व्यवहारातला ‘देणी’ हा शब्द नजरेआड करू नये, कारण तोट्यातील मासिक बंद करण्याचा खर्च तिथेच दडलेला असतो. वर्षाची वर्गणी १,२०० असेल आणि वर्गणीदाराने ती पहिल्या अंकाआधी भरली असेल, तर तीन अंक पोहोचल्यानंतर कंपनीचे उत्पन्न ३०० आहे आणि ९०० हे वर्गणीदाराचे देणे आहे. आयएफआरएस १५ या मानकानुसार हे ९०० ताळेबंदात दायित्वाच्या बाजूला दिसतात. व्यवहारात मात्र ते पैसे तिजोरीत पडून नसतात. कागदाचे, छपाईचे आणि अनेकदा दुसऱ्याच विभागाचे बिल त्यातून कधीच चुकते झालेले असते. मासिक चालू आहे तोवर नव्या वर्गण्यांतून जुन्या वर्गणीदारांचे अंक छापले जातात आणि कोणाला काही जाणवत नाही. ज्या दिवशी बंद करण्याची घोषणा होते, त्या दिवशी हे सगळे देणे एकाच वेळी दारात उभे राहते.

असे एक मासिक बंद होताना मी पाहिले आहे. कंपनीने वर्गणीदारांना पत्र पाठवले की उरलेल्या अंकांऐवजी आमचे दुसरे मासिक मिळेल, आणि ते नको असल्यास लेखी मागणी केल्यावर रक्कम परत मिळेल. हिशेबाच्या दृष्टीने योजना नेटकी होती. बहुतेक लोक लेखी मागणी करणार नाहीत असा अंदाज होता आणि तो बऱ्याच अंशी खराही ठरला. पण दूरध्वनी खणखणू लागले ते शिक्षणविभागाचे. वर्गणीदारांपैकी ज्यांची मुले आमच्याच वर्गांत होती, ते विचारत होते की मासिक असे मध्येच थांबू शकते तर वर्ग थांबणार नाहीत कशावरून, आणि दोन वर्षांचे शुल्क एकदम भरण्याऐवजी सहा सहा महिन्यांनी भरले तर चालेल का. त्या सत्रात प्रवेशांची संख्या फारशी घटली नाही. आगाऊ भरले जाणारे शुल्क मात्र घटले, आणि शिक्षणविभागाची रोख पहिल्यांदाच चणचणीत आली. मासिकाचा तोटा बंद झाल्याचे आकडे त्याच तिमाहीत अभिमानाने सादर झाले. शिक्षणविभागाच्या रोखीचे कारण मात्र ‘हंगामी’ असे लिहिले गेले. मी त्या बैठकीत होतो आणि तेव्हा गप्प बसलो, याची रुखरुख अजून आहे.

यातून लक्षात येईल की दोन्ही व्यवसाय मुळात एकाच गोष्टीवर चालतात: लोक सेवा मिळण्याआधी पैसे देतात. व्यवसाय वाढत असताना आगाऊ रक्कम वाढत जाते आणि नफ्यापेक्षा रोख अधिक दिसते. तो आक्रसू लागला की हेच चक्र उलटे फिरते आणि नफा दिसत असतानाही रोख आटते. म्हणून शिक्षणविभागाची प्रगती पाहताना केवळ नफ्याकडे न पाहता आगाऊ शुल्काच्या शिलकेकडे पाहावे, असे मी नेहमी सांगतो. उत्पन्न वाढते आहे आणि आगाऊ शुल्काची शिल्लक सलग दोन वर्षे घटते आहे, असे दिसले तर नवे प्रवेश मंदावले आहेत किंवा लोक तुकड्यातुकड्यांत पैसे देऊ लागले आहेत. दोन्ही खबरा नफ्याच्या आकड्याच्या आधी कळतात.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, विभागवार नफा हा वाटपाच्या पद्धतीवर अवलंबून असतो. मासिकाची खरी किंमत ते कोणत्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी मिळवून देते यावर ठरते. आणि मासिक बंद करण्याचा खर्च मासिकाच्या खात्यातच थांबेल याची खात्री नसते. आता शिक्षणविभागाच्या ‘सुरक्षित’ नफ्याकडे वळू, कारण ठरावाचा सगळा भार त्यावर आहे.

मासिकाचा धोका सर्वांना दिसतो. खप घटतो, जाहिरातदार निघून जातात, आणि पहिली प्रत तयार करण्याचा खर्च, म्हणजे संपादन, मांडणी, छायाचित्रे, तेवढाच राहतो. दहा हजार प्रतींसाठीही मुखपृष्ठ एकदाच करावे लागते आणि लाखासाठीही एकदाच, त्यामुळे खप निम्मा झाला तर प्रतीमागचा हा खर्च दुप्पट होतो. ही घसरण हळू असते, वर्षानुवर्षे चालते आणि तिचा अंदाज बांधता येतो. शिक्षणाचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो बहुधा एका दिवसात येतो, कारण तिथे पैसे देणारा किंवा परवानगी देणारा अनेकदा सरकार असते.

कॅप्लनचेच पुढचे पाहा; तिचे स्वतःचे एक विद्यापीठही होते. अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांवर असा निर्बंध आहे की त्यांच्या महसुलात केंद्रीय विद्यार्थी-साहाय्याचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असू नये. मर्यादाच ९० टक्के ठेवावी लागते, यावरून या संस्था कोणाच्या पैशावर उभ्या होत्या ते कळते. २०१० च्या सुमारास सरकारने या संस्थांच्या प्रवेशपद्धती आणि विद्यार्थ्यांवरील कर्ज यांकडे कठोरपणे पाहण्यास सुरुवात केल्यावर संपूर्ण क्षेत्राचे प्रवेश घसरले. २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने आपले मूळ वृत्तपत्र जेफ बेझोस यांना २५ कोटी डॉलरला विकले आणि उरलेली कंपनी ग्रॅहम होल्डिंग्ज झाली. पुढे २०१८ मध्ये कॅप्लन विद्यापीठही परड्यू या सार्वजनिक विद्यापीठाकडे सोपवले गेले. चीनमध्ये जुलै २०२१ मध्ये याहून अधिक वेगाने घडले: सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील मुलांना शालेय विषय शिकवणाऱ्या खासगी वर्गांनी नफा कमवू नये, असे धोरण सरकारने जाहीर केले आणि शेअर बाजारात नोंदलेल्या बलाढ्य शिकवणी कंपन्यांचे मूल्य काही दिवसांत कोसळले. तिथे कोणाचाही खप घटला नव्हता आणि वर्गही रिकामे पडले नव्हते.

पिअर्सन या ब्रिटिश प्रकाशन कंपनीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण त्या कंपनीने नेमका आपल्या ठरावासारखा निर्णय घेतला होता. २०१५ मध्ये तिने फायनान्शियल टाइम्स हे वृत्तपत्र जपानच्या निक्केई समूहाला ८४ कोटी ४० लाख पौंडांना विकले, द इकॉनॉमिस्टच्या प्रकाशनसंस्थेतील आपला ५० टक्के हिस्साही विकला, आणि यापुढे केवळ शिक्षण, असे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने नफ्याचा अंदाज खाली आणला आणि एका दिवसात तिच्या समभागाची किंमत जवळपास ३० टक्क्यांनी पडली. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुस्तकांची मागणी घटली होती, विद्यार्थी पुस्तके भाड्याने घेऊ लागले होते आणि विक्रेते आपल्याकडचे साठे कमी करत होते. मासिकांच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून ओळखीचे हसू येते. विक्रेत्याकडे गेलेली प्रत म्हणजे विकली गेलेली प्रत नव्हे, ती परत येऊ शकते, हे आम्ही परत आलेल्या अंकांचे गठ्ठे मोजत शिकलो होतो. मार्चचा अंक किती परतला हे जूनमध्ये कळत असे, आणि तोवर मार्चचा नफा हा केवळ अंदाज असे. माध्यमांमधून बाहेर पडल्याने हा धोका मागे सुटला नाही. तो पाठ्यपुस्तकांच्या रूपाने शिक्षणविभागात आधीच बसलेला होता. विक्री चुकली होती असा माझा दावा नाही. विक्रीनंतर उरलेल्या व्यवसायाला धक्का शोषून घ्यायला दुसरे फारसे काही शिल्लक नव्हते, एवढेच मी म्हणतो.

आणखी एक तांत्रिक बाब, जी भागधारकांच्या क्वचित लक्षात येते. अनेक कंपन्या विभागांची तुलना व्याज, कर आणि घसारा यांच्या पूर्वीच्या नफ्यावर करतात. २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या मानकामुळे दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचे भाडे हिशेबात सरळ खर्च म्हणून दिसत नाही. ते घसारा आणि व्याज या दोन भागांत विभागले जाते. शिक्षणविभागाच्या केंद्रांच्या इमारती बहुधा अशाच करारांनी घेतलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे भाडे या आकड्याच्या खाली सरकते, म्हणजे तो काढताना वजाच होत नाही, आणि विभागाचा नफा जाडजूड दिसतो. मासिकाच्या छपाईचे बिल मात्र संपूर्णपणे वरच दिसते. एकाचे भाडे झाकून आणि दुसऱ्याची छपाई उघडी ठेवून केलेली ही तुलना आहे. आपल्या कंपनीने केंद्रे भाड्याने घेतली असतील तर घसारा आणि व्याज वजा करून पुन्हा बेरीज मांडून पाहावी. चित्र पालटेलच असे नाही, परंतु दरी बरीच कमी झालेली मी पाहिली आहे.

वाचकांच्या यादीविषयीही दोन शब्द. मासिक विकले जाते तेव्हा नावाबरोबर वर्गणीदारांची यादीही जाते, आणि शिक्षणविभाग तीच यादी वापरत असेल तर तो तिला मुकतो किंवा तीच यादी उद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते. शिवाय अभ्यासक्रम मासिकाच्याच नावाने चालत असतील, तर विक्रीनंतर स्वतःचेच नाव वापरण्यासाठी कंपनीला दुसऱ्याकडून परवाना घ्यावा लागेल. यादीची किंमत जशी मोठी, तशी तिची जबाबदारीही मोठी असते. बेनेसेच्या ग्राहकांची माहिती एका उपकंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने चोरून विकल्याचे २०१४ मध्ये उघड झाले; कोट्यवधी नोंदी त्यात होत्या आणि त्यानंतर कंपनीच्या अभ्यासक्रमांची सदस्यसंख्या लक्षणीयरीत्या घटली. ज्या विश्वासावर एका विभागाची यादी तयार होते, त्याच विश्वासावर दुसरा विभाग शुल्क घेत असतो.

मग मासिकांचे करावे काय? तोटा चालू राहू द्यावा असे मी म्हणत नाही. बंद करणे आणि जसेच्या तसे चालवणे यांच्या मध्ये बरीच जागा असते आणि व्यवस्थापनाने ती तपासली आहे का, हे विचारण्याचा भागधारकाला अधिकार आहे. अंकांची संख्या वर्षाला बारावरून सहावर आणता येते. विक्रेत्यांमार्फत होणारे आणि परत येणाऱ्या अंकांनी खाऊन टाकलेले वितरण थांबवून केवळ वर्गणीदारांना अंक देता येतो. किंमत वाढवता येते, आणि जुना वाचक ती आपल्या अंदाजापेक्षा अधिक सहजतेने स्वीकारतो, असा माझा अनुभव आहे. खप कमी पण वर्गणीचे नूतनीकरण चांगले, असे मासिक मी कधीही बंद करणार नाही. खप मोठा पण दर वर्षी निम्मे वर्गणीदार भेटवस्तूंच्या आमिषाने नव्याने आणावे लागतात, असे मासिक मात्र शिक्षणविभागालाही काही देत नाही. ते विकायला मी पहिल्या दिवशी हात वर करीन.

मतदानाबद्दल माझा सल्ला असा. ठरावासोबतच्या स्पष्टीकरणात मासिक बंद करण्याचा एकरकमी खर्च, म्हणजे वर्गणीदारांचे देणे, कर्मचाऱ्यांची देणी आणि छपाई व वितरणाच्या करारांतील भरपाई, आकड्यांत दिलेला नसेल, तर मी विरोधात मत देईन. कारण तो आकडा न काढता मांडलेला ठराव अजून तयारच झालेला नाही. तो दिलेला असेल आणि मासिकाचा वाचक व शिक्षणाचा ग्राहक यांचा संबंध नसल्याचेही दाखवलेले असेल, तर बाजूने मत देण्यास हरकत नाही. सभेआधी कंपनी सचिवांना लेखी प्रश्न पाठवावा, आणि तो ‘मासिकांचा शिक्षणविभागाला उपयोग होतो का?’ असा मोघम नसावा, कारण त्याला ‘होय, दोन्ही विभाग एकमेकांना पूरक आहेत’ असे गुळगुळीत उत्तर मिळेल. प्रश्न असा विचारावा: गेल्या प्रवेशसत्रात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी कितींच्या घरी आपले मासिक आधीपासून येत होते, हे वर्गणीदारांची यादी आणि प्रवेशांची यादी जुळवून तपासले आहे का, आणि तपासले असल्यास अभ्यासक्रमनिहाय आकडा काय आहे? दोन्ही याद्या कंपनीच्या स्वतःच्याच संगणकांत असतात आणि जुळवायला आठवड्याहून अधिक वेळ लागत नाही. आम्ही ते काम चार दिवसांत केले होते, आणि त्यातले दोन दिवस पत्त्यांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करण्यात गेले होते.